डांबराची नाल, मुरमाची नाल

वेवजी गावच्या नितीनला बायकोने शेवटचं सांगून टाकलं होतं. आता एकदा जरी गुडघा धरून लंगडत आलास, तर सायकल माझ्या भावाच्या दारात. दक्षा बोलते ते करते, हे अख्ख्या पाड्याला ठाऊक. भाऊ मनिष तर त्या सायकलला दुधाचे कॅन बांधायला टपूनच बसला होता.

नितीन उंबरगावच्या एका कारखान्यात मशीन चालवतो आणि रविवारी वापीच्या सायकलवाल्यांबरोबर शंभर किलोमीटर हाणून येतो. आता ह्या शहाण्याला साधं पेडल पुरेना. बुटाच्या तळाला क्लीट नावाची पट्टी लावायची, ती पेडलमध्ये खटकन अडकवायची, म्हणजे पाय आणि सायकल एकजीव. दुकानदाराने दोन तऱ्हा दिल्या. डांबरासाठी मोठी, प्लास्टिकची. जोर भरपूर, पण उतरून चालायला गेलास की घसरलास. कच्च्या रस्त्यासाठी छोटी, लोखंडी. जोर जरा कमी, पण माणसासारखं चालता येतं. "दोन्ही वापरून बघ, एक परत कर," असं त्याने सांगितलं. नितीनने दोन्ही वापरल्या आणि गुडघा दोन्हींवर दुखला.

म्हणून तो तलासरीच्या बाजारात झाडाखाली दोन्ही तऱ्हांच्या पट्ट्यांचे बुटांचे जोड पुढ्यात मांडून बसला होता. दक्षा सुके बोंबील घ्यायला गेली होती. शेजारी तुक्या नालबंद एका बैलाला नाल मारून घाम पुसत होता. त्याची नजर बुटाच्या तळाकडे गेली.

"ही नाल कोणी मारली?"

"मीच, बाबा."

"वाटलंच."

तुक्याने त्याला बूट घालून चार पावलं चालायला लावलं आणि तोंडातली तंबाखू थुंकली. "तुझा उजवा खूर बाहेर पडतो. नाल मारलीस सरळ. जनावर तिरकं तर नाल तिरकी. गुडघा दुखेल नाहीतर काय होईल?"

नितीनने मोबाईलवर ढीगभर व्हिडिओ पाहिले होते, पण हे इतकं साधं कोणी सांगितलं नव्हतं. "बाबा, तुम्हीच बसवून द्या," तो हात जोडून म्हणाला. इथेच गडी चुकला.

तुक्याला नाल मारायची एकच रीत ठाऊक होती. त्याने दोर टाकला, दोन गड्यांना खूण केली, आणि नितीनला कळायच्या आत तो गोणपाटावर आडवा झाला होता. चारी पाय बांधायची सवय, म्हणून हातही बांधले.

"मालक कुठाय?" तुक्याने विचारलं.

"मीच की."

"जनावराने मधे बोलायचं नाही. मालकाच्या होकाराशिवाय मी नाल मारत नाही."

कोणीतरी धावत जाऊन दक्षाला घेऊन आलं. बोंबलाची पिशवी काखेत मारून ती गर्दीतून पुढे आली आणि नितीनने डोळे मिटले. सायकल गेली, दुसरं काय.

"बाय, हा तुझा?"

दक्षाने बांधलेल्या नवऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतलं. "माझाच."

"कामाला कसा आहे?"

"घरच्या कामाला शून्य. रविवारी पहाटे सुटतो, दुपारी येतो, परातभर भात खातो आणि घोरतो."

"मग नाल कशाला? ठेवायचाय की विकून काढायचाय?"

बाजार हसला. एका म्हाताऱ्याने तर वाकून नितीनचे दात पाहिले आणि चांगले आहेत म्हणून सांगितलं. नितीनला हसू येईना, रडू यायला लागलं. सहा दिवस मशीनची घरघर, आणि सातव्या दिवशीही घरात बसायचं, ह्या विचाराने त्याचा जीव घाबरा झाला.

दक्षाही हसत नव्हती. "ठेवायचाय," ती म्हणाली. "कारखान्यातून येतो तेव्हा तोंडातून शब्द निघत नाही त्याच्या. सायकलवरून आला की कोपऱ्यापासून आमच्या पोरींना हाका मारत येतो. मला ते लंगडणं बघवत नाही, बाबा, म्हणून मनिषला देते म्हटलं."

तुक्याने मान डोलावली आणि दोन्ही तऱ्हांचा एकेक बूट तिच्यापुढे धरला. "डांबराची मारू की मुरमाची?"

"डांबराची," नितीन खालून म्हणाला, "जोर जास्त—"

तुक्याने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

दक्षाने प्लास्टिकची पट्टी दगडावर घासून पाहिली, मग लोखंडी घासून पाहिली. तिने घाई केली नाही.

"जाईना का कुठेही," ती म्हणाली. "डांबर संपलं की आमच्या दारापर्यंत मुरूम आणि ओहोळ. तिथे उतरावंच लागतं. त्याने घरी यायला पाहिजे. मुरमाची मारा."

तुक्याने नितीनकडे पाहिलं. तोंडावरचा हात तसाच होता. नितीनने होकाराची मान हलवली. तेवढीच मोकळी होती.