गोजराबाईचं रगत

गंगू माती खाते, हे गोजराबाईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि तिचं टाळकं फिरलं. घरात नाचणीची भाकरी होती, आमटी होती, आणि तिची ही सून चुलीमागची भिंत खरवडून खात होती! "तरीच पांढरी फटक पडलीस," म्हणत तिनं गंगूच्या हातातलं ढेकूळ हिसकून घेतलं.

मुठा खोऱ्यातल्या त्या वाडीत १९६० सालीही दुखण्याला दोनच नावं होती, ताप आणि कावीळ. ताप नव्हता, म्हणजे ही पांढरी कावीळ. गोजराबाईनं काविळीची माळ आणून सुनेच्या गळ्यात घातली, तेल-मीठ तोडलं आणि तिला निव्वळ पेजेवर ठेवलं. माळ लांबत गेली की कावीळ उतरली म्हणायची. माळ लांबली, गंगू मात्र वाळत चालली. हंडा घेऊन चढ चढताना तिला धाप लागायची. गोजराबाई तोंडानं फटकळ, पण आतून पार घाबरली होती. हौसेनं आणलेली पोर डोळ्यांदेखत चालली होती.

भाताच्या लावणीत गंगू चिखलातच कोसळली, तेव्हा कुठं गोजराबाईच्या लेकानं, कान्हूनं, बैल जुंपले. पिरंगुटपर्यंत गाडी, पुढं एस.टी., आणि पुण्यातला दवाखाना.

डॉक्टरीणबाईंनी गंगूची पापणी खाली ओढली. आत तांबडेपणाचा मागमूस नव्हता.

"ही कावीळ नाही," त्या म्हणाल्या. "रक्तात बारीक तांबड्या पेशी असतात. आपण घेतलेला श्वास त्या अंगभर पोचवतात. हिच्यात त्याच फार थोड्या उरल्यात. आतड्यात जंत झालेत, ते रोज रक्त पितात. अंगातलं लोह आटलं की माती खावीशी वाटते."

"म्हंजी मातीनं दुखणं न्हाई, दुखण्यानं माती?"

"तसंच."

"आन् जंत शिरलं कुठनं?"

"तळपायातून. लोक बांधाला परसाकडं बसतात, तिथल्या ओल्या मातीत अळ्या असतात. ही अनवाणी फिरते का?"

गोजराबाईनं सुनेच्या उघड्या पायांकडं पाहिलं. वाडीची रीतच ती. सुनेनं वडीलधाऱ्यांपुढं वहाणा घालायच्या नाहीत. कुणी घातल्याच, तर बायका नाकं मुरडायच्या, आणि त्यात पहिलं नाक गोजराबाईचं असायचं. तिच्या स्वतःच्या टाचांना भेगा होत्या, म्हणून तिच्या पायात मात्र बारा महिने वहाणा. आपल्या मानापायी पोर मरायला टेकली, हे कळून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गंगूला लगेच रक्त द्यायला हवं होतं. कान्हूचं तिच्या रक्ताशी जुळेना. गोजराबाईचं तपासलं, तर जुळलं, आणि चांगलं भरपूरही निघालं.

माणसाला रक्त जन्मताना मिळतं तेवढंच, गेलं ते गेलं, असं गोजराबाई लहानपणापासून ऐकत आली होती.

"किती काढनार?" तिनं विचारलं.

"एक बाटली."

तिनं कान्हूला जवळ बोलावलं. "बियाण्याचं भात कनगीत हाय, उंदरावर ध्यान ठेव. तांबडी गाय तुझ्या भनीला दे. आन् गंगूला पेजंवर ठिऊ नगंस." मग तिनं हात पुढं केला.

डॉक्टरीणबाई हसल्या. "मावशी, दीड-दोन महिन्यांत सगळं भरून येईल."

मरणाऱ्याची समजूत काढतात तशी ही आपली काढतेय, असं गोजराबाईला वाटलं. "व्हय, व्हय," म्हणून तिनं डोळे मिटले.

गंगू वाचली. जंताचं औषध झालं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, ओठांवर रंग चढू लागला. गोजराबाईही धडधाकट होती आणि आपण अजून कशा जिवंत, याचं तिचं तिलाच नवल वाटत होतं. अंगात उरलंसुरलं रक्त पुरवून पुरवून वापरायचं, असं तिनं ठरवलं होतं.

गाडी वाडीच्या तोंडाशी आली. पारावर म्हातारी माणसं बसली होती. सवयीनं गंगू अनवाणीच खाली उतरली आणि पदर सावरून उभी राहिली. मागून गोजराबाई उतरली, पायातल्या वहाणा काढल्या आणि सुनेच्या पुढ्यात ठेवल्या.

"घाल."

"आत्याबाई, समदी बघत्यात."

"बघू देत. कान्हू उद्या मला दुसरा जोड आनंल."

तरी गंगूचा पाय उचलेना. तशी गोजराबाई पाराला ऐकू जाईल अशी कडाडली, "घाल म्हनते ना! माझं रगत हाय तुझ्यात. ते तुला दिलंय मी, जंतास्नी पाजायला न्हाई."

गंगूनं वहाणा घातल्या.