साहेबाचे पाणी

तनयाचे लग्न झाले त्या वर्षी, म्हणजे २०१८ साली, मी बिबवेवाडीच्या घरात आले. मित्रांनो, मी माशांची काचेची टाकी. आता गॅलरीत कोरडी पडून आहे. मी जे पाहिले ते तुम्हाला सांगते. ते चांगले नाही, पण सांगायला हवे.

नारायण पेठेतल्या एका लहान दुकानात सीतारामने पाच काचा चिकटवून मला बनवले. दोन दिवस पाणी भरून ठेवले आणि कुठे पाझरते का ते पाहिले. तनयाचे आईवडील, मंदाकिनीबाई आणि श्यामसुंदरराव, मला घ्यायला आले. त्यांना नऊ गोल्डफिश हवे होते. वास्तूसाठी नऊच लागतात, असे कोणी सांगितले होते.

“काका, हे मासे हाताएवढे होतात. एकदोन ठेवा,” सीताराम म्हणाला. “नऊ कोंबून टाकीची खचाखच पीएमटी बस करायचीय का?”

त्यांनी नऊच नेले.

महिन्याभरात सहा मेले. त्यांच्याच घाणीने माझे पाणी विषारी झाले होते. पण मासा उलटा तरंगला की मंदाकिनीबाई हात जोडत. “घरावरचं यानं अंगावर घेतलं,” म्हणत. मेलेला जास्वंदीच्या कुंडीत जाई, नवा माझ्यात येई. एकदा श्यामसुंदररावांची स्कूटर घसरली आणि नुसते कोपर खरचटले. त्याच दिवशी एक मासा गेला होता. मग तर बाईंची खात्रीच झाली. पाण्याकडे कोणी पाहिले नाही.

२०२१ साली श्यामसुंदरराव बँकेतून निवृत्त झाले, तोवर लॉकडाऊनमुळे नवे मासे येणे थांबले होते आणि एकच मासा उरला होता. डोक्यावर लाल टोपी असलेला, जाडजूड, ओरंडा जातीचा गोल्डफिश. त्यांनी त्याचे नाव ‘साहेब’ ठेवले. “बँकेत एकाही साहेबाची एवढी सेवा केली नाही,” असे ते पाहुण्यांना सांगत. सीतारामला विचारून ते सगळे शिकले. दर रविवारी पाव हिस्सा पाणी बदलत, तेही बादलीत दिवसभर ठेवलेले. गाळणीचा स्पंज नळाखाली न धुता काढलेल्या पाण्यातच पिळत. दाणे भिजवून, दोन मिनिटांत संपतील एवढेच घालत. तीन वर्षे माझ्यात एकही मरण झाले नाही.

मंदाकिनीबाईंना मात्र तेच खुपू लागले. श्यामसुंदररावांना जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“तीन वर्षांत काही गेलं नाही या घरातून,” त्या म्हणाल्या. “सगळं साठत चाललंय.”

ते हळू बोललेले शब्द मला अजून ऐकू येतात.

दिवाळीनंतर श्यामसुंदररावांना हृदयाच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात नेले. त्याच संध्याकाळी बाईंनी माझ्या पंपाचे बटण बंद केले. बुडबुडे थांबले. मग त्यांनी मूठभर दाणे टाकले. “उपाशी कसा पाठवू तुला?” असे म्हणून त्या रडल्या.

रोज फोन येई. “मंदा, साहेबाचं पाणी बदललंस?”

“हो. अहो, तुम्ही बोलू नका जास्त. मजेत आहे तो.”

दाणे तळाशी कुजत होते. पाणी दुधट झाले. साहेब वर येऊन तोंड उघडत राही. तनया वडिलांचे कपडे न्यायला आली, तिला वास आला.

“आई, पंप का बंद आहे?”

“आवाजानं झोप येत नाही गं.”

तनयाने बटण चालू केले आणि घाईने निघून गेली. दार लागताच बाईंनी ते पुन्हा बंद केले. “माफ कर रे,” त्या काचेला हात लावून म्हणाल्या. “तू जा. त्यांना राहू दे.”

मित्रांनो, मासा कोणाचे संकट घेत नाही. पाण्यात जे असेल तेवढेच तो घेतो. ज्याला पाळाल, त्याच्यावर आपल्या भीतीचे ओझे घालू नका. त्याला स्वच्छ पाणी आणि मोजके खाणे द्या. तो मेला, तर आधी पाणी पाहा.

साहेब शनिवारी, १६ नोव्हेंबर २०२४ रोजी सकाळी मेला. त्या दुपारी मंदाकिनीबाई बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवल्या. श्यामसुंदरराव सोमवारी, १८ नोव्हेंबरला, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हॉस्पिटलात वारले.