शिंगाचा वण

"बैलनं शिंग मारेल शे, म्याडम. धाकला व्हता तवय," निंबाआबा म्हणाले.

डॉ. सुलक्षणानं त्यांच्या मुलाच्या, कुंदनच्या, उघड्या छातीकडे पाहिलं. गळ्याच्या खळगीखालून थेट खाली आलेला वण, दोन्ही बाजूंना टाक्यांचे ठिपके.

"बैल शिकलेला दिसतो," ती म्हणाली. "पट्टी लावून मारलंय."

धुळ्यातल्या पाच दवाखान्यांत ती भूल द्यायला फिरे. पेशंट तिला 'सुईवाली बाई' म्हणत. सर्जन काहीच म्हणत नसत, नुसते घड्याळ दाखवत. आजचं ऑपरेशन हर्नियाचं. कागदावर कुणीतरी 'फिट' लिहिलं होतं. लिहिणाऱ्यानं बहुधा शर्टाची बटणं तपासली असावीत.

तिनं स्टेथोस्कोप टेकवला. ठोक्यामागून फुसफुस येत होती, घाईत पंक्चर काढलेल्या ट्यूबसारखी.

सर्जन भूपेंद्र डोकावला. "वीस मिनिटांचं काम आहे, मॅडम."

"मरायला तेवढीही लागत नाहीत."

मग ती आबांकडे वळली. "हृदयाचं ऑपरेशन लपवून भूल दिली, तर हा टेबलावरच जाईल. बैल होता की डॉक्टर?"

आबा भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलले. "मुंबईले नेल व्हता. तीन वरीसना व्हता तवय. दिलमा छेद व्हता."

"कागद?"

"लगीनना येळे जाळी टाकात. असा पोऱ्याले पोर कोन देस?"

कुंदन एकतीस वर्षांचा होता. समोरून बैल आला की तो रस्ता बदलत असे. पोळ्याला दार लावून घरात बसे. घरी ट्रॅक्टर आला, तोही त्या बैलापायीच.

"आबा, मंग तो बैल?"

"बैल कोठे व्हता रे. आपला घर तवय म्हशी व्हत्यात."

सुलक्षणानं कागदावर लिहिलं: आज भूल नाही. आधी हृदयाची सोनोग्राफी, मग हृदयाचे डॉक्टर असलेल्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन. "पुढच्या वेळी दुसऱ्यांना बोलावू," असं भूपेंद्र तिला ऐकू जाईल इतकंच हळू म्हणाला.

कुंदन टेबलावरून उतरला नाही.

"म्याडम, माले बी ऐकू द्या ना."

तिनं नळ्या त्याच्या कानांत घातल्या. तो डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिला. आबा शेजारी त्याचा शर्ट दोन्ही हातांत धरून उभे होते. घाल म्हणायची त्यांची हिंमत होत नव्हती.