रिकाम्या टोपलीची हाक

टोबायस क्रचर हा आमच्या विथीकोम गावचा सर्वांत मोठा फलंदाज, आणि सर ऑगस्टीन यांचा सर्वांत वाईट माळी. सरांनी त्याला बागेत ठेवलं होतं ते बॅटसाठी. एकदा त्याने कांद्यांच्या वाफ्यात ट्यूलिपचे कंद लावले. आचाऱ्याने त्यांचं सूप केलं. कोणी मेलं नाही, म्हणून कोणी काही बोललं नाही. नोकरीबरोबर बागेच्या कडेचं दोन खोल्यांचं घर मिळालं होतं. जोवर धावा, तोवर घर. सर हे दर नाताळात हसत हसत सांगत, आणि टोबीकाकाही हसत हसत ऐकत.

मग त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला.

हे संघातल्या आम्हा सगळ्यांना माहीत होतं, सरांना नव्हतं. तरी टोबीकाका धावा काढत राहिला, कारण त्याची बायको मर्सी मैदानाच्या कडेला टोपली घेऊन बसायची. चेंडू डावीकडे येत असला की ती ओरडे, "सफरचंदंऽ!" उजवीकडे आला की, "आल्याचा केऽक!" सरळ आला की, "गरम पाऽव!" ती गप्प असली म्हणजे चेंडू अजून गोलंदाजाच्या हातातच आहे, असं दोघांचं ठरलेलं. फेरीवाली ओरडते यात कोणाला काय वाटणार? उलट तिचा मालही खपायचा. आमच्याइतकं खाऊन खेळणारा संघ अख्ख्या हॅम्पशरमध्ये नव्हता.

केंटवाल्यांशी सामना ठरला तेव्हा सरांनी आपली लाडकी कुत्री डचेस पणाला लावली. समोरच्या लॉर्डांनी घोडा लावला. सामन्याच्या सकाळी सर टोबीकाकाला म्हणाले, "क्रचर, डचेस गेली तर तूही गेलास हं."

"कुठे, सरकार?"

"ते तू बघ. घर मोकळं पाहिजे."

शेवटची जोडी म्हणजे टोबीकाका आणि मी. मी म्हणजे जेम पिलबीम. जिंकायला अकरा धावा हव्या होत्या. मर्सी ओरडत होती, काका मारत होता, धावा मोजायच्या काठीवर धावेगणिक खाचा पडत होत्या. चार धावा उरल्या तेव्हा सरांना इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. डचेस वाचली! तिला काहीतरी खाऊ घालायलाच हवं होतं.

ते तडक मर्सीकडे गेले. "बाई, सगळी टोपली दे."

"सगळी? सरकार, कुत्रीला बाधेल हो."

"डचेसला काही बाधत नाही."

"थोडं तरी राहू द्या. एक सफरचंद?"

"एकही नको ठेवूस. आज ती राणी आहे!"

टोपली उपडी झाली. डचेसने सफरचंदं, पाव, केक आणि टोपलीतलं फडकंसुद्धा खाल्लं.

इथे आमच्या गावचा एक जुना नियम आडवा आला. रिकामी टोपली घेऊन हाक मारायची नाही. नसलेल्या मालाने लोकांची भूक चाळवणं ही आमच्याकडे लबाडी, आणि तिला शिक्षा म्हणजे चौकातला खोडा. त्यामुळे मर्सी गप्प बसली.

गोलंदाज धावत आला. काका निवांत उभा होता. आवाज नाही म्हणजे चेंडू नाही. चेंडू आला आणि दोन काठ्यांच्या मधून, वरची आडवी काडी न हलवता, पलीकडे गेला. तेव्हा दोनच काठ्या असत आणि मधून गेलेला चेंडू बाद धरत नसत. काका केसभरही हलला नव्हता.

"काय छाती आहे!" लोक ओरडले. "बघून सोडला!"

पुढच्या चेंडूला मर्सीला राहवलं नाही. "सफरचंदंऽ!"

काकाने डावीकडे फिरून असा टोला दिला की आम्ही तीन धावा पळालो आणि एक परत पळालो, कारण त्याला थांबायचं कुठे ते दिसलं नाही. दोन धरल्या. पण हवालदार टोपलीपाशी पोचला होता.

"कुठायत सफरचंदं?"

"कुत्रीने खाल्ली."

"मग हाक कशाची मारलीस?"

"सवय हो, दादा."

"खोड्यात बसलीस की जाईल."

त्याने तिला दंडाला धरून चौकाकडे नेलं. ती जाता जाता ओरडायला लागली तेव्हा त्याने रिकामी टोपली तिच्या तोंडावर दाबली. मलाही ओरडता आलं असतं. पण माझ्याकडे टोपलीच नव्हती, आणि नियम तर आत्ताच सांगितला.

दोन धावा हव्या होत्या. सगळं मैदान चिडीचूप. केंटवाल्याने चेंडू टाकला, तो काठीला लागला, काडी उडाली, केंटवाले एकमेकांच्या गळ्यात पडले. काका तसाच उभा होता. वाकून, बॅट पुढे धरून, वाट बघत.

लोक आधी हसले. मग हसायचे थांबले, आणि तेच जास्त वाईट होतं.

मी जवळ गेलो. "काका, चल."

"थांब रे. टाकू दे त्याला."

"काका, तू आऊट झालास."

"कधी?"

सर ऑगस्टीन बाजूलाच येऊन उभे होते. त्यांनी टोबीकाकाच्या चेहऱ्यासमोर हात हलवला. मग दोन बोटं. मग, मजा म्हणून, जीभ काढून दाखवली. काका अदबीने हसत राहिला.

"पिलबीम," सर मला म्हणाले, "लग्न झालंय?"

"नाही, सरकार."

"करून टाक. घर दोन खोल्यांचं आहे."

डचेस लॉर्डांच्या बग्गीत चढली आणि सगळा केक त्यांच्या बुटांवर ओकली. त्या दिवशी आमच्या बाजूने घडलेली चांगली गोष्ट तेवढीच.

सर तसे दयाळू. त्यांनी काकाला अगदीच वाऱ्यावर सोडलं नाही. "हलत नाही, ओरडत नाही, ऊन सोसतो," ते म्हणाले, आणि त्याला स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात बुजगावणं म्हणून ठेवलं. हातात लाकडी खुळखुळा दिला. निजायला खताची झोपडी.

मी आता त्या घरात राहतो. खिडकी वाफ्याकडेच उघडते. रोज सकाळी कुंपणाबाहेर मर्सी येऊन बसते, मांडीवर एक सुकलेलं सफरचंद ठेवलेली टोपली घेऊन, म्हणजे हवालदाराला काही बोलता येऊ नये. पाखरं डावीकडे उतरली की ती ओरडते, "सफरचंदंऽ!"

काका लगेच डावीकडे वळतो. पण खुळखुळा वाजवत नाही. टोला मारतो.

पाखरं खुशाल खातात.