इत्तोची तोंडी परीक्षा

माझा मोठा भाऊ लहबीब मोरोक्कोतल्या आमच्या सफ्रू गावच्या सरकारी शाळेत अरबीचा मास्तर आहे. गावात त्याला लोक अदबीने सलाम करतात आणि घरी मी त्याला चपला जागेवर ठेव म्हणून ओरडते. दोन्हींची त्याला सारखीच सवय आहे.

त्याची एकुलती एक लेक इत्तो. आई गेल्यापासून माझ्याच हाताखाली वाढली, त्यामुळे जिभेला धार. बाजारात पुदिन्याच्या जुडीवरून अशी हुज्जत घालते की विकणारा वर कोथिंबीर देतो आणि तोबा तोबा करतो. पण हीच पोरगी वर्गात उभी केली की मुकी. दोन्ही हात लोंबकळत, नजर जमिनीत, तोंडाला कुलूप. दोन वर्षं ती दादाच्याच वर्गात होती. तो विचारायचा, ती उभी राहायची. तो वाट बघायचा, ती उभीच. घरी आला की राग माझ्यावर, "यामना, हिला तू खायला तरी काय घालतेस?" जसं काही मी वाफवलेल्या रव्याच्या कुसकुसातच त्याचं व्याकरण विरघळत होतं! पोरगी नापास झाली, पुन्हा नापास झाली आणि शेवटी शाळेने हातात दाखला ठेवला.

मग मी तिला जुन्या गिरणीमागच्या 'दुसऱ्या संधीच्या शाळेत' घातलं. शाळा सुटलेल्या पोरापोरींना तिथे अभ्यासही शिकवतात आणि एखादं कामही. गावातले टवाळ तिला 'उरल्यासुरल्यांची शाळा' म्हणतात. दादा तर तेवढंही म्हणत नसे. कोणी विचारलं तर सांगायचा, "इत्तो हल्ली आत्याला मदत करते." कसली मदत, डोंबल! घरात एक पेला उचलत नव्हती.

तिथल्या विआमबाई म्हणजे तरी केवढ्या? माझ्या खांद्याला लागतील एवढ्या, पायात खेळायचे बूट. सुरुवातीला त्यांनाही इत्तोने दाद दिली नाही. मग एक दिवस दुपारच्या जेवणासाठी सगळ्या पोरी शेंगा सोलत बसल्या होत्या, तेव्हा बाईंच्या कानावर आमच्या इत्तोचा आवाज पडला. शेजारणीला म्हणत होती, "अगं म्हशी, अर्ध्याचं अर्धं म्हणजे पाव. एवढं कळत नाही?"

दुसरी कोणी असती तर 'अरे वा, इत्तो बोलली' म्हणून गलका केला असता. विआमबाईंनी नुसती शेंगांची आणखी एक टोपली पुढे सरकवली, शेजारी फतकल मारली आणि विचारलं, "आणि पावाचं अर्धं?"

"आठवा भाग," इत्तो म्हणाली आणि सोलत राहिली.

त्या दिवसापासून बाईंनी तिचे हात रिकामे म्हणून ठेवले नाहीत. इतिहास लोकर गुंडाळताना, फ्रेंच वायरींची सालं काढताना. हात चालू असले की हिचं तोंड चालू, हात थांबले की सगळं ठप्प. असं कुठे असतं, मला विचाराल तर मला नाही माहीत. पण होतं खरं. कामातलं तिने सौर पट्ट्यांचं, म्हणजे सोलर पॅनेलचं काम धरलं. आमच्याकडे चेरीच्या बागांत आता उन्हावर चालणारे पंप आलेत, त्यांच्या पट्ट्या बसवायच्या, दुरुस्त करायच्या. पोरगी सारखी माझ्या गच्चीवर. वाळत घातलेले कपडे एका कोपऱ्यात आणि ही ऊन मोजतेय!

एकदा दादाला मी काहीतरी निमित्त काढून त्या शाळेत नेलं. एक पोरगी भरतकाम करतेय, एक पोरगा लाकूड तासतोय आणि विआमबाई मधे उभ्या राहून भूगोल विचारतायत. दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. "हा वर्ग आहे की मंडई?"

"दोन्ही आहे, सर," बाई म्हणाल्या. "तुम्हाला काय देऊ?"

दादा तरातरा घराकडे निघाला, मी मागून.

इत्तोला आता फेस शहरातल्या संस्थेत जायचं होतं. सौर पट्ट्यांचं पक्कं शिक्षण तिथेच मिळतं, आणि प्रवेश मिळतो तोंडी परीक्षेवर. दादाने एवढंच सांगितलं, "जा. पण तिथेही मुकी उभी राहिलीस तर हे सगळं बंद. घरी आत्याचं शिलाईयंत्र आहे, त्यावर बस." त्याचं बोलणं म्हणजे दगडावरची रेघ. पोरीचा चेहरा उतरला. संध्याकाळी माझ्या पाठीला टेकून म्हणाली, "आत्या, तिथे माझे हात रिकामे असतील गं." मला गोड बोलता येत नाही. मी म्हटलं, "आधी जेव."

परीक्षेला आम्ही तिघंही तिच्याबरोबर गेलो, दादा, मी आणि विआमबाई. बाईंनी तिच्या मुठीत वायरीचा एक तुकडा दिला होता. दारावरच्या शिपायाने तोही काढून घेतला. "आत काही न्यायचं नाही." मी त्याला दोन शब्द सुनावले, पण वायर काही मिळाली नाही.

उकाडा मरणाचा, म्हणून परीक्षेच्या खोलीची खिडकी उघडी होती आणि अंगणातला बाक नेमका खिडकीखाली. आत तिघं बसले होते, टायवाले साहेब, चष्मेवाल्या बाई आणि नुसतं लिहिणारा एक तरुण.

"नाव काय तुझं?" साहेबांनी विचारलं.

शांतता.

"घाबरू नकोस, पोरी. नाव सांग."

मी मान उंच करून पाहिलं. दोन्ही हात लोंबकळत होते. दादाने डोळे मिटून घेतले. "तेच," तो पुटपुटला. "तेच उभं राहणं."

तेवढ्यात शिपायाने चहाचं तबक आणि उकळत्या पाण्याचं भांडं आणून टेबलावर ठेवलं आणि निघून गेला. साहेब पोरीच्या गप्प राहण्याने अवघडले असावेत. त्यांनी स्वतःच किटली ओढली, चहापत्ती टाकली आणि पत्ती न धुताच वर पुदिना कोंबायला घेतला.

"थांबा!"

साहेबांचा हात तिथेच थांबला. "काय झालं?"

"चहा धुतला नाही तुम्ही," इत्तो म्हणाली. "आधी थोडं उकळतं पाणी घाला, हलवा, ते फेका, मग पुदिना. नाहीतर कडूजहर होईल. घरी कोणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

मी कपाळावर हात मारला. झालं! वळण माझं आणि सूरही माझाच! लिहिणारा तरुण खिदळला. साहेब लालबुंद झाले आणि त्यांनी तबक तिच्याकडे ढकललं. "मग कर तूच."

तिने किटली जवळ घेतली. त्या चष्मेवाल्या बाई मोठ्या हुशार, अल्लाह त्यांचं भलं करो. इत्तो चहा धुऊ लागली, तशी त्यांनी गप्पा मारल्यासारखं विचारलं, "आमच्या या गच्चीवर पट्ट्या बसवायच्या तर तोंड कुठे करशील?"

"दक्षिणेकडे. पण तिकडे तुमची पाण्याची टाकी आहे, येताना पाहिली मी. ती आधी हलवा."

"का? सावली पडली तर एखाद्याच पट्टीवर पडेल."

"एका माळेत जोडलेल्या असतात ना, बाई! एकीवर सावली पडली की सगळ्या माळेचा जोर उतरतो. साखर थोडी की जास्त?"

"जास्त," साहेब खालच्या आवाजात म्हणाले.

साखर मिसळावी म्हणून पहिला पेला भरून तिने परत किटलीत ओतला, मग हात उंच करून प्रत्येकाचा चहा ओतला, वर फेस येईल असा. प्रश्न येत गेले, ती उत्तरं देत गेली. एकदा तर उलट तिनेच साहेबांना विचारलं की तुमच्याकडे मुलींना गच्चीवर चढू देतात ना, की नुसत्या वह्या लिहायला लावतात?

दादा कधी उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला, मला कळलंच नाही. "ही एवढी बोलते?" त्याने हळूच विचारलं.

"रोज बोलते. तू घरी पेपरात डोकं घालून असतोस."

एरवी त्याने मला झापलं असतं. आता नुसतं रुमालाने तोंड पुसलं, डोळ्यांपाशी जरा जास्तच वेळ. त्याला चिडवायची संधी मी जन्मात सोडलेली नाही, पण ही सोडली.

थोड्या वेळाने चष्मेवाल्या बाई हातात पेला घेऊनच बाहेर आल्या. मागे इत्तो होती, कानापर्यंत लाल झालेली. "हिला आम्ही घेतलं," बाई म्हणाल्या. "पण मला सांगा, हिला शिकवलं कोणी?"

दादा सवयीने पुढे झाला. कोटाचं बटण लावलं, घसा साफ केला. आता हा आपल्या नोकरीच्या पहिल्या दिवसापासून सुरू करणार, म्हणून मी मनाची तयारी केली. तो तसाच उभा राहिला. दोन्ही हात लोंबकळत. मग तो बाजूला सरला आणि मागे उभ्या असलेल्या विआमबाईंना त्याने वाट करून दिली.

"दोन वर्षं माझ्या वर्गात होती," तो म्हणाला. "मी नाही शिकवलं. ह्यांनी शिकवलं."