न उघडलेला फोन

विमानाच्या दारातच गणवेशातली दोन माणसं पासपोर्ट बघत उभी होती. बाकीच्यांचे नुसते फोटो पाहून त्यांनी परत दिले. ताईचा मात्र त्यांच्यातल्या बाईंनी हातातच ठेवला आणि त्या म्हणाल्या, "जरा या आमच्याबरोबर."

ताई वर्तमानपत्रात बातमीदार होती. धाकट्या भावाची ती ताई, म्हणून हळूहळू ऑफिसातही सगळ्यांची ताईच झाली होती. गेले काही महिने ती एकाच बातमीच्या मागे हात धुऊन लागली होती. दहशतवादविरोधी कायद्याखाली धरलेल्या माणसांना, आरोपही न ठेवता, तुरुंगात रात्र रात्र झोपू देत नाहीत, अशी ती बातमी. पहिला लेख आला तेव्हा सरकारने हात झटकले. सुटून परदेशी गेलेल्या एकाला भेटून ती आता दुसऱ्या लेखासाठी परतत होती.

खोलीला खिडकी नव्हती. टेबल जमिनीला स्क्रूने पक्कं केलेलं, कोपऱ्यात पाण्याचं मशीन, पण पेला एकही नाही.

"मला अटक केलीय का?" ताईने विचारलं.

"नाही हो," बाई म्हणाल्या.

"मग मी जाऊ?"

"जाता येणार नाही."

"मग याला म्हणायचं तरी काय?"

बाईंनी जोडीदाराकडे पाहिलं. "थांबवलंय," तो म्हणाला.

एरवी ताईला हसू आलं असतं. सरकारबद्दल तुमचं मत काय, असं त्याने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "छापून आलंय. वाचलं नाहीत?"

"वाचलंय," तो म्हणाला आणि खाली बघू लागला.

मग बाईंनी ताईकडून काढून घेतलेला फोन टेबलावर ठेवला. "पासवर्ड सांगा."

तुरुंगाच्या दवाखान्यातल्या ज्या नर्सने ताईला सगळं सांगितलं होतं, तिचे मेसेज त्या फोनमध्ये होते. नंबर 'शिवणवाली' या नावाने ठेवलेला. पण कपडे शिवण्याबद्दल कुणी असं लिहीत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल.

"फोन माझा आहे," ताई म्हणाली, "पण त्यातलं बरंचसं लोकांनी माझ्या भरवशावर सांगितलंय. ते मी देणार नाही."

"दहशतवादविरोधी कायद्यात नकार देणं हाच गुन्हा आहे. कल्पना आहे ना?"

"आहे. माझ्या वकिलांना बोलवा."

आवाज तिने कसाबसा स्थिर ठेवला. तेच तेच प्रश्न तासन्‌तास फिरून फिरून येत राहिले. मध्येच बाई बाहेर गेल्या, आणि आपल्याशिवायच फोन उघडायची काही युक्ती यांच्याकडे असली तर, असा विचार ताईच्या मनात आला. नर्सला दोन मुली होत्या. तिने नोकरी गमावली तर ते घर कुणाच्या तोंडाकडे बघणार?

दार पुन्हा उघडलं तेव्हा बाईंच्या मागोमाग वर्तमानपत्राच्या वकीलबाई आत आल्या, धापा टाकत.

"तुझ्या भावाने बाहेर चौकशीच्या खिडकीवाल्यांना भंडावून सोडलं," त्या म्हणाल्या. "सगळे उतरले, मग माझी बहीण कुठाय, एवढंच विचारत होता. उत्तर मिळेना, तेव्हा त्याने मला फोन केला."

मग त्यांनी न्यायाधीशांचा आदेश अधिकाऱ्यांसमोर ठेवला. सुनावणी होईपर्यंत फोन कुणीही उघडायचा नाही, तो सीलबंद करून कोर्टात जमा करायचा. बाईंनी तो वाचला, जोडीदारानेही वाचला. सगळ्यांच्या देखत फोन पिशवीत गेला, वर लाख लागली.

"तुम्ही जाऊ शकता," बाई म्हणाल्या. हलक्या आवाजात पुढे म्हणाल्या, "पाणी बाहेर डावीकडे मिळेल."

भाऊ दातांचा डॉक्टर. दवाखान्यातले पेशंट तसेच ताटकळत ठेवून तो आला होता. गाडीत बसल्यावर त्याने आधी विचारलं, "ताई, तू तोंड उघडलंस?"

"नाही."

"न उघडल्याचा आनंद मला पहिल्यांदाच होतोय बघ."

ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. तिच्याकडे बघण्याच्या नादात त्याचं वळण चुकलं, आणि दोघं भलत्याच रस्त्याला लागली.

सुनावणीपर्यंतचे दिवस तिने जीव मुठीत धरून काढले. नर्सशी संपर्क करायची सोय नव्हती. कोर्टात न्यायाधीशांनी सरकारी वकिलांना विचारलं, "यांच्यावर दहशतवादाचा संशय होता?"

"तसा नव्हता, साहेब."

"मग फोनमध्ये काय शोधणार होता?"

सरकारी वकील कागद चाळत राहिले. वर्तमानपत्राला कोण माहिती देतं हे हुडकायला हा कायदा केलेला नाही, असं सांगून न्यायाधीशांनी फोन परत द्यायला लावला आणि नकाराचा गुन्हाही नोंदवू नये म्हणून बजावलं. वकीलबाईंनी लाख उलटसुलट करून पाहिली. कुठेही तडा नव्हता.

लेख छापून आला. आठवड्याभरात तुरुंगाची चौकशी लागली. त्यानंतर एका दुपारी नर्स बागेत भेटायला आली, ड्युटी संपवून, थेट.

"रोज वाटायचं, आज बोलावणं येणार," ती म्हणाली. "तुरुंगाच्या साहेबांच्या खोलीवरून जाताना पाय जड व्हायचे."

"आलं का कधी?"

"आलं ना परवा. सुट्टीचा अर्ज मंजूर झाला म्हणून सांगायला."

बाकावर टेकून तिने चपला काढल्या, पाय लांब केले. ताईने पर्स बाजूला सारून तिला जागा करून दिली. कुणालाच घाई नव्हती.