तोफेचे केस

मित्रांनो, मी एक जुना टोप आहे. नट्या डोक्यावर चढवतात तो, केसांचा. आज पत्र्याच्या कपाटात गुंता होऊन पडलो आहे, पण एकेकाळी माझा थाट काही औरच होता.

माझा जन्म एका मुलीच्या डोक्यावर झाला. ती नाटकात काम करायची. आवाज असा, की शेवटच्या रांगेत डुलक्या काढणारा माणूसही दचकून जागा व्हायचा. म्हणून सगळे तिला तोफ म्हणत. घरी आली की आई तिला पुढ्यात बसवून तेल चोळायची, डाव्या कानामागच्या जन्मापासून तांबूस असलेल्या बटेलाही. आईचे पाय अधू. थिएटरच्या पायऱ्या तिला चढवत नसत, त्यामुळे लेकीचं एकही नाटक तिने पाहिलं नव्हतं. "एकदा टीव्हीवर दिस गं बाई," एवढाच तिचा हट्ट.

मग तोफेला सिनेमा मिळाला. आजारी मुलीचं काम होतं आणि कॅमेऱ्यासमोर खरोखर डोकं भादरायचं होतं. "दुसरा टेक नाही हं," दिग्दर्शकांनी बजावलं. वस्तरा फिरला, मी जमिनीवर पडत गेलो आणि तिने असं काम केलं, की लाइटवाल्यांनीही टाळ्या वाजवल्या. पुढे सिनेमा फार लांबलचक झाला म्हणून तो अख्खा प्रसंगच कापून टाकला. तिला साधं कळवलंही नाही.

मला मात्र हेअरवाल्या ताईंनी झाडून गोळा केलं. टोपवाल्या काकांनी एकेक केस बारीक सुईने जाळीत ओवून गाठ मारली. "काय माल आहे!" ते पुन्हा पुन्हा म्हणायचे. मग त्याच ताईंनी एका मालिकेच्या नायिकेच्या डोक्यावर माझी स्थापना केली. मॅडम कोणतं तेल लावतात, असं लोक विचारायचे. मॅडमही हसून काहीतरी ठोकून द्यायच्या.

एके दिवशी त्याच सेटवर तोफ आली. डोक्यावर बोटभर केस, त्यावर रुमाल. काम मोलकरणीचं. मॅडमच्या मागे उभं राहून मला विंचरायचं आणि म्हणायचं, "बाईसाहेब, काय सुंदर केस आहेत तुमचे!" तिने फणी घातली. डाव्या कानामागची तांबूस बट हाती लागली आणि तिने मला ओळखलं. वाक्य अर्ध्यावर आलं आणि तिला रडू फुटलं.

"कट! अगं, हे नाटक नाही! केस विंचरायला आली आहेस, मयताला नाही!"

सगळे खो खो हसले. दुसऱ्यांदाही तेच झालं. दिग्दर्शक वैतागले. "हिचा चेहरा नको. नुसते हात घ्या. वाक्य दुसऱ्या कुणाकडून म्हणवून घेऊ."

"सर, थोडा तरी चेहरा... आई बघणार आहे हो."

"हात दाखवतोय ना? आईला लेकीचे हात ओळखता येत नाहीत?"

तो भाग दाखवल्यावर दुसऱ्या दिवशी ती राहिलेली हजेरीची सही करायला मेकअपच्या खोलीत आली. ताई माझी वेणी सोडत होत्या.

"आईने बघितलं का गं?"

"बघितलं ना. शेजारपाजार गोळा केला होता. मॅडम पाठमोऱ्या दिसल्या आणि आई ओरडलीच, 'ही बघा माझी पोर! केस बघा, मी वाढवलेत!' तिला वाटलं, डोकं भादरायच्या आधीचं आहे."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, हो आई, मीच."

"खूश झाली असेल."

"खूप. फक्त त्या मोलकरणीवर चिडली. म्हणाली, 'हात बघ कसे राकट! माझ्या पोरीचे केस ओढतेय मेली!'"

ताईंच्या हातातली फणी थांबली. तोफ मात्र हसली आणि हजेरीची सही करून निघून गेली. तिला पुन्हा कुणी बोलावलं नाही.

मित्रांनो, मला धुवा, विंचरा, नाहीतर कचऱ्यात टाका, माझी काही तक्रार नाही. विनंती एकच आहे. मी कधी कुणाच्या डोक्यावर दिसलो, तर "काय सुंदर केस!" म्हणायच्या आधी विंचरणारीच्या तोंडाकडे एकदा बघा.